हांकेला ‘ओ’ : लिनक्सवर हातानें बसविलेले प्रोग्राम

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत गोराई हें नांव दोन ठिकाणांना आहे. एक खाडीपलीकडचें, कोळ्यांच्या व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या वस्तीचें जुनें समुद्रकांठचें गांव. आणि दुसरी खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या अंगाला, जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ सालीं सुरू झालेल्या नागरी विकास योजनेंत म्हाडानें आंखलेली वसाहत. बोरिवली स्टेशनाबाहेर रिक्षांत बसून कोणी नुसतें ‘गोराई’ म्हटलें, तर रिक्षावाला बहुधा त्याला वसाहतींत नेऊन सोडतो. ज्याला गांवांत जावयाचें असेल, त्यानें ‘गोराईच्या जेट्टीवर’ असें स्पष्ट सांगावें व तेथून होडीनें खाडी ओलांडावी; किंवा भाईंदर-उत्तनच्या रस्त्यानें वळसा घालून जावें. गांव जागच्या जागीं असतें, रिक्षावालाहि प्रामाणिक असतो. उणा पडतो तो केवळ पत्ता. नांव आणि पत्ता यांतील हा भेद ज्याच्या ध्यानांत आला, त्याची लिनक्सवरील एक नित्याची अडचण निम्मी सुटली असें समजावें.

प्रसंग असा कल्पावा. याच वसाहतींतील एका घरीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी मुलगी आहे. घरांत संगणक एकच, तोहि जुना. त्यावर लिनक्स घातलेली आहे, कारण ती विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरहि काम देते. दुसऱ्या दिवशीं ‘सायलॅब’ या गणिती प्रोग्रामावरील प्रात्यक्षिक आहे. सायलॅबचा जन्म फ्रान्समधील इन्‌रिया या संशोधनसंस्थेंत झाला. आपल्याकडे त्याचा प्रसार करण्यांत मुंबईच्या उपनगरांतीलच पवई येथील आय्. आय्. टी. चा मोठा वाटा आहे. १९५८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पानें महागड्या परवान्यांच्या प्रोग्रामांऐवजीं मुक्त प्रोग्राम महाविद्यालयांतून रुजविण्याचें काम हातीं घेतलें. आणि तिच्याच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांतील लहान लहान बोलके पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात.

मुलीनें प्रोग्रामाचा गठ्ठा उतरवून घेतला, तो सोडला, आणि टर्मिनल उघडून मोठ्या विश्वासानें ‘सायलॅब’ असें नांव टंकलें. उत्तर आलें : ‘अशी आज्ञा सांपडली नाहीं.’ तिनें सारें पुसून टाकून गठ्ठा पुन्हां उतरविला, उत्तर तेंच. रात्रीचे दहा वाजलेले. बाबा म्हणूं लागले, ‘सकाळीं दुकानांत नेऊन सगळें नव्यानें घालून घेऊं.’ नव्यानें घालावयाचें म्हणजे आधीं डिस्क कोरी करावयाची. आणि त्याच डिस्कवर घरांतील दहा-बारा वर्षांचीं छायाचित्रें आहेत! एका वाक्याचा अर्थ न कळल्यामुळें गोष्ट येथवर येऊन ठेपते.

त्या वाक्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ‘सांपडली नाहीं’ म्हणजे ‘अस्तित्वांत नाहीं’ असें नव्हे. वर्गांत हजर असलेला मुलगा गुरुजींनीं शेजारच्या वर्गांत जाऊन हांक मारल्यास ‘ओ’ कशी देणार? तो गैरहजर नसतो. हांक चुकीच्या खोलींत मारलेली असते. संगणकाच्या बाबतींत या खोल्या कोणत्या व त्या कोणी ठरविल्या, हें आतां पाहावयाचें आहे.

टर्मिनलच्या खिडकींत टंकलेला शब्द ज्याच्या हातीं पडतो, त्या प्रोग्रामाला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. यंत्राचा गाभा आंत आणि मनुष्य बाहेर, या दोहोंमधील तो दुभाषी होय. ही व्यवस्था लिनक्सहून जुनी आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्स या कार्यप्रणालीचा आरंभ केला. १९७९ सालीं तिच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. बहुतेक लिनक्स-यंत्रांवर आज ‘बॅश’ नांवाचा शेल असतो. तो बोर्न यांच्या शेलचाच वारस असून ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेली त्याची पहिली आवृत्ति १९८९ सालची आहे.

शेलची शोधण्याची रीत अगदीं ठरलेली आहे. टंकलेल्या शब्दांत तिरकी रेघ असेल, तर तो शब्द पूर्ण पत्ता आहे असें मानून शेल थेट त्या जागीं जातो. तिरकी रेघ नसेल, तर तें नुसतें नांव ठरतें. मग शेल प्रथम स्वतःच्या अंगच्या थोड्या आज्ञा पाहतो. तेथें तें नांव नसेल, तर एक यादी काढतो. या यादीचें नांव ‘पाथ’, म्हणजे वाट. तींत कांहीं फोल्डरांचे पत्ते एकापुढें एक, मध्यें अपूर्णविरामाचीं दोन टिंबें देऊन लिहिलेले असतात. शेल पहिल्या फोल्डरांत डोकावतो, नंतर दुसऱ्यांत, नंतर तिसऱ्यांत; आणि त्या नांवाचा चालवितां येण्याजोगा पहिला प्रोग्राम जेथें भेटेल, तेथेंच थांबून तो चालवितो. यादी संपली कीं शोध संपला. साऱ्या डिस्कचा धांडोळा तो कधींच घेत नाहीं. तसा घेऊं लागला, तर प्रत्येक शब्दामागें लाखों फाइली चाळाव्या लागतील; शिवाय कोठल्या तरी कोपऱ्यांत पडलेली भलतीच फाइल त्याच नांवानें चालूं लागेल.

पुढें आज्ञांचीं नांवें उच्चाराप्रमाणें देवनागरींत दिलीं आहेत. टंकतांना तीं रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकावीं. फक्त ‘पाथ’ आणि ‘होम’ हीं दोन नांवें मोठ्या अक्षरांत. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद लिनक्स कटाक्षानें पाळते.

आपली यादी पाहावयाची असल्यास ‘एको’ हा शब्द, एक मोकळी जागा, आणि डॉलरचें चिन्ह जोडून ‘पाथ’ असें टंकावें. उत्तरांत बहुधा ‘/यूएसआर/लोकल/बिन’, ‘/यूएसआर/बिन’ असे पत्ते दिसतात. ‘बिन’ हें चालवितां येणाऱ्या फाइलींच्या फोल्डराचें रूढ नांव आहे. वितरणाच्या भांडारांतून, म्हणजे ‘ॲप्ट’सारख्या व्यवस्थापकाकरवीं आणलेला प्रोग्राम लगेच हांकेला ओ देतो, याचें रहस्य येथें आहे. व्यवस्थापक त्याची चालती फाइल मुकाट्यानें ‘/यूएसआर/बिन’ या यादींतल्या फोल्डरांतच ठेवतो. परंतु भांडारांतील आवृत्ति कित्येकदां जुनी असते, किंवा हवा तो प्रोग्राम तेथें नसतोच. अशा वेळीं गठ्ठा स्वतः आणून सोडावा लागतो. आणि तो जेथें सोडावा, तें ठिकाण यादींत नसतें.

सुटलेल्या गठ्ठ्यांत एकच फाइल नसते. एक सबंध कुटुंबच असतें. मुख्य प्रोग्राम, त्याचे साहाय्यक, चित्रें, मदतीचीं पानें, असें सारें एकत्र नांदतें. म्हणून त्यांतील एकटी मुख्य फाइल उचलून ‘/यूएसआर/बिन’मध्यें टाकूं नये. मंडळींपासून ताटातूट झालेला प्रोग्राम बहुधा चालत नाहीं. शिवाय तो फोल्डर व्यवस्थापकाच्या मालकीचा आहे, तेथें परस्पर ढवळाढवळ करणें बरें नव्हे. कोणी कोठें राहावें याचे संकेत लिनक्सच्या जगांत १९९४ सालापासून लिहून ठेवलेले आहेत. त्यांप्रमाणें बाहेरून आलेल्या सबंध कुटुंबासाठीं ‘/ऑप्ट’ हा फोल्डर आहे. यंत्राच्या मालकानें स्वतः बसविलेल्या वस्तूंसाठीं ‘/यूएसआर/लोकल’ आहे. या दोन्ही जागीं हात घालावयाला व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. जेथें प्रोग्राम एकट्यालाच वापरावयाचा आहे, तेथें स्वतःच्या घरच्या फोल्डरांत त्याला बिऱ्हाड द्यावें, हेंच सर्वांत निर्धास्त. तेथें चूक झाली तरी ती आपल्यापुरती राहते.

समजा, मुलीनें घरच्या फोल्डरांत ‘ॲप्स’ नांवाचा फोल्डर केला व सायलॅबचें कुटुंब त्यांत ठेवलें. आतां पहिलें काम, पूर्ण पत्त्यानें हांक मारून पाहणें. घरच्या फोल्डरासाठीं लाटेसारखें एक चिन्ह आहे. तें, मग तिरकी रेघ, ‘ॲप्स’, तिरकी रेघ, सायलॅबच्या फोल्डराचें नांव, तिरकी रेघ, ‘बिन’, तिरकी रेघ, ‘सायलॅब’, असा पत्ता टंकावा. ही परीक्षा कोणीहि टाळूं नये. पूर्ण पत्त्यावर जो प्रोग्राम उठत नाहीं, तो नुसत्या नांवानें कसा उठेल?

येथें मिळणारीं उत्तरें वेगवेगळीं असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ‘परवानगी नाकारली’ असें उत्तर आलें, तर फाइल सांपडली आहे, पण तिला चालण्याची मुभा नाहीं. ती ‘सी-एच-एम-ओ-डी’ या आज्ञेपुढें मोकळी जागा, ‘यू’ हें अक्षर, अधिक-चिन्ह व ‘एक्स’ हें अक्षर, आणि पुन्हां मोकळी जागा सोडून फाइलीचा पत्ता देऊन द्यावी. ‘सातशें सत्याहत्तर’ हा आंकडा घालून सर्वांना सर्व मुभा देण्याचा सल्ला कोणी देतो. तो मानूं नये. तो म्हणजे किल्ली हरवली म्हणून दरवाजाच काढून ठेवणें होय. ‘फाइलीची घडण चुकीची’ अशा अर्थाचें उत्तर आलें, तर गठ्ठा बहुधा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरासाठीं बांधलेला आहे. तो बदलून आणावा. शेल हा भेद आंकड्यांनींहि नोंदवितो. आज्ञा सांपडलीच नाहीं तर १२७, आणि सांपडली पण चालवितां आली नाहीं तर १२६.

पूर्ण पत्त्यावर प्रोग्राम उठला, कीं मग नांवाची सोय करावयाची. तिचे मार्ग तीन.

पहिला मार्ग दुव्याचा. दुवा म्हणजे जागेवर न हलतां दुसरीकडे लावलेली नांवाची पाटी. घरच्या फोल्डरांत ‘.लोकल’ नांवाचा व त्याच्या आंत ‘बिन’ नांवाचा फोल्डर करावा. पहिल्या नांवाआधीं टिंब आहे. त्यामुळें तो सहसा दृष्टीस पडत नाहीं. मग ‘एल-एन’ ही आज्ञा, मोकळी जागा, उणे-चिन्ह जोडून ‘एस’, त्यापुढें खऱ्या फाइलीचा पत्ता, आणि शेवटीं पाटीचा पत्ता, म्हणजे ‘.लोकल’मधील ‘बिन’मधील ‘सायलॅब’. क्रम विसरूं नये : आधीं असलेली वस्तु, मग होणारी. खऱ्या फाइलीचा पत्ता मुळापासून पूर्ण द्यावा. तो अर्धवट दिल्यास तो पाटी जेथें लावली तेथून मोजला जातो, आणि पाटी भलत्याच दिशेला बोट दाखविते. उबुंटु व डेबियन यांच्या अलीकडील आवृत्त्यांत हा फोल्डर अस्तित्वांत असेल, तर लॉग-इन करतेवेळीं तो आपोआप यादींत घेतला जातो. म्हणून फोल्डर नवा केला असल्यास एकदां बाहेर पडून पुन्हां आंत यावें. या मार्गाचा मोठा लाभ असा कीं, उद्यां प्रोग्रामाची नवी आवृत्ति आली, तर ती शेजारीं ठेवून केवळ पाटी फिरवावी. नवी नीट चालली नाहीं, तर पाटी पुन्हां जुनीकडे वळवितां येते.

दुसरा मार्ग यादीच वाढविण्याचा. एकाच फोल्डरांत चालवावयाचे प्रोग्राम पुष्कळ असतील, तर प्रत्येकाला पाटी लावण्यापेक्षां तो फोल्डरच यादींत घालणें सोयीचें. घरच्या फोल्डरांत ‘.बॅशआरसी’ नांवाची फाइल असते. नवी खिडकी उघडतांना बॅश ती वाचतो. तिच्या शेवटीं एक ओळ लिहावी : ‘एक्स्पोर्ट’, मोकळी जागा, ‘पाथ’, बरोबरचें चिन्ह, आणि दुहेरी अवतरणांत आधीं डॉलर-चिन्हासह ‘पाथ’, मग अपूर्णविराम, मग डॉलर-चिन्हासह ‘होम’ व तेथून पुढचा त्या फोल्डराचा पत्ता. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा असूं नये. अवतरणांत लाटेचें चिन्ह निर्जीव होतें. म्हणून तेथें ‘होम’ लिहावयाचें. यादींत फाइलीचें नव्हे, फोल्डराचें नांव जातें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

तिसरा मार्ग निरोप्याचा. कांहीं प्रोग्राम आपल्या साहाय्यकांना स्वतःच्या पत्त्यावरून शोधतात. पाटीवरून हांक मारली, तर पाटी म्हणजेच आपलें घर असें समजून ते गोंधळतात. अशांसाठीं ‘.लोकल’मधील ‘बिन’मध्यें दोन ओळींची एक साधी फाइल लिहावी. पहिल्या ओळींत हॅश-चिन्ह, उद्गारचिन्ह व ‘/बिन/एसएच’. दुसरींत ‘ई-एक्स-ई-सी’ ही आज्ञा, मोकळी जागा, प्रोग्रामाचा मुळापासून पूर्ण पत्ता, पुन्हां मोकळी जागा, आणि दुहेरी अवतरणांत डॉलर व ॲट हीं दोन चिन्हें. या शेवटच्या दोन चिन्हांमुळें नांवापुढें जें कांहीं टंकलें असेल, तें तसेंच पुढें पोंचतें. या फाइलीलाहि चालण्याची मुभा वर सांगितल्याप्रमाणें द्यावी. निरोप्या हांक ऐकतो आणि खऱ्या घरीं जाऊन खऱ्या पत्त्यानें हांक मारतो.

आतां चुका पाहूं या. कारण या विषयांत नुकसान होतें तें अज्ञानापेक्षां घाईनें. दुसऱ्या मार्गांत जुनी ‘पाथ’ लिहावयास विसरून नुसता नवा फोल्डर लिहिला, तर जुनी सारी यादी पुसली जाते, आणि क्षणांत ‘एल-एस’सारख्या साध्या आज्ञाहि मिळेनाशा होतात. पाहणाऱ्याला वाटतें, यंत्र मोडलें. मोडलेलें कांहीं नसतें. तो बदल खिडकींत टंकला असेल, तर खिडकी बंद करून नवी उघडावी. फाइलींत लिहिला असेल, तर ‘/यूएसआर/बिन/नॅनो’ असा पूर्ण पत्ता देऊन संपादक उघडावा व ओळ दुरुस्त करावी. नांवें हरवलीं तरी पत्ते शाबूत असतात.

दुसरी चूक क्रमाची. गोराई म्हटल्यावर रिक्षा आधीं येणाऱ्या गोराईलाच थांबते, शेलहि तसाच. नवा फोल्डर यादीच्या आरंभीं घातला आणि त्यांत एखाद्या मूळ आज्ञेच्याच नांवाची फाइल असली, तर पुढें नेहमीं तीच चालेल. म्हणून विशेष कारण नसेल तर नवा पत्ता शेवटीं जोडावा. तिसरी चूक, यादींत नुसतें टिंब घालणें. टिंब म्हणजे ‘सध्यां ज्या फोल्डरांत आहें तो’. तें घातलें, कीं परक्यानें कोठल्याहि फोल्डरांत ठेवलेली फाइल ओळखीच्या नांवानें चालून जाण्याचा धोका उत्पन्न होतो. याच कारणासाठीं लिनक्स समोरच्या फोल्डरांतील प्रोग्रामहि आपण होऊन चालवीत नाहीं. त्याच्या नांवामागें टिंब व तिरकी रेघ मुद्दाम लावावी लागते. सोय थोडी कमी, पण घराचें दार बंद राहतें.

चौथी गोष्ट चूक नव्हे, केवळ चकवा आहे. प्रोग्राम एका जागेवरून दुसरीकडे हलविला, तर चालू खिडकींतला बॅश कधीं कधीं जुनाच पत्ता आठवून तेथें जातो. ‘हॅश’ या आज्ञेपुढें मोकळी जागा, उणे-चिन्ह व ‘आर’ टंकलें, कीं तो जुन्या आठवणी टाकून नव्यानें शोधतो.

सर्व झाल्यावर पडताळा घ्यावा. ‘टाइप’ ही आज्ञा, मोकळी जागा, उणे-चिन्ह जोडून ‘ए’, आणि पुढें प्रोग्रामाचें नांव टंकलें, कीं त्या नांवाचे जितके धनी यादींत असतील तितक्यांचे पत्ते क्रमानें समोर येतात. पहिला पत्ता आपला असेल, तर काम तडीस गेलें. दोन पत्ते दिसले, तर दोन गोराया आहेत हें ओळखून कोणती हवी तें ठरवावें.

कल्पिलेल्या त्या घरीं मुलीला दुकानाची वाट धरावी लागत नाहीं. पूर्ण पत्त्यानें सायलॅब उठतो. म्हणजे उतरविलेला गठ्ठा पहिल्या वेळींहि ठीकच होता. एक फोल्डर, एक दुवा, एकदां बाहेर पडून पुन्हां आंत येणें, एवढ्यानें तो नुसत्या हांकेलाहि ओ देऊं लागतो. छायाचित्रें जागच्या जागीं राहतात. बाबांना मात्र एक गोष्ट कळते, ती सायलॅबपेक्षांहि उपयोगाची आहे : यंत्र ‘सांपडलें नाहीं’ म्हणतें, तेव्हां तें आपल्या अज्ञानाची मर्यादा सांगत असतें, वस्तूच्या अभावाची ग्वाही देत नसतें. अशा वेळीं पुसणें, मोडणें, कोरें करणें यांतलें कांहींहि करण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : शोधलें कोठें? त्याचें उत्तर यादींत लिहिलेलें असतें, आणि ती यादी वाचण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं.